ब्रेकमध्ये तोंड दाखवायचं नाही

आमच्या गँगमधल्या बायकांच्या घरची लग्नं मुहूर्त बघून लागली नाहीत, ब्रेक बघून लागली. भटजीने तारीख काढली की पहिला प्रश्न हा, तेव्हा आपल्याला ब्रेक आहे का? माझ्या धाकटीचं बारसं, नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन, गावच्या घराची कौलं फिरवणं, सगळं ब्रेकमध्ये. ज्यांनी कधी रोजंदारी केली नाही त्यांना हा ब्रेक म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही रस्त्याच्या खात्यात रोजंदारीवर होतो. अंबरनाथ, बदलापूर आणि मधले-आजूबाजूचे रस्ते आमच्या गँगकडे. खड्डे भरायचे, कडेची गटारं उपसायची, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, पावसात रस्त्याखालची मोरी तुंबली की गुडघाभर पाण्यात उतरून ती मोकळी करायची. काम बारमाही. रस्त्याला काय सुट्टी असते होय! पण माणूस सलग कामावर दिसला तर तो उद्या म्हणणार, मला पक्कं करा. म्हणून दर काही महिन्यांनी आम्हाला थोडे दिवस घरी बसवायचं, कागदावर नोकरी तुटली असं दाखवायचं, आणि मग पुन्हा नव्याने कामाला लावायचं. ह्याला म्हणायचं ब्रेक. ज्याने हा ब्रेक शोधून काढला त्याला एकदा वैशाखात डांबराच्या पिंपाशेजारी दिवसभर उभा करावा, असं मला फार वर्षं वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. पगार वेळेवर होतो, त्याने माझा राग पुष्कळ निवलाय.

ब्रेक द्यायची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी फावडी-घमेली चौकीत ठेवताना मुकादम मान वर न करता म्हणायचा, "उद्यापासून ब्रेक." आपण विचारायचं, "परत कधी येऊ?" तो म्हणायचा, "निरोप धाडतो." संपलं. ह्याच्या पुढे कुणी बोलायचं नाही. मुकादम घाटावरचा, स्वतः पक्का नोकरीवाला. आवाज असा की बदलापूरला ओरडला तर अंबरनाथला ऐकू जावं, पण मनाने वाईट नव्हता. निरोप येईल की नाही हे त्यालाही ठाऊक नसायचं. वरून जे येई ते तो खाली सांगे आणि मग दिवसभर तंबाखू जास्त खाई.

आणि ब्रेकचा एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. ब्रेकमध्ये तोंड दाखवायचं नाही. चौकीवर नाही, रस्त्यावर नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. मी लागायच्या आधी म्हणे एक बाई ब्रेकमध्ये विसरलेला डबा न्यायला चौकीवर आली, नेमकी तेव्हाच साहेबाची जीप आली. साहेब म्हणाला, ही ब्रेकवर ना, मग इथे काय करते? तिला पुन्हा कधीच निरोप आला नाही. खरं कारण दुसरंही असेल. पण गँगमध्ये ही गोष्ट पिढीजात दागिन्यासारखी एकीकडून दुसरीकडे जायची, आणि ती सगळ्यात जपून ठेवली होती मावशीने, कारण तिने तो प्रकार डोळ्यांनी पाहिला होता.

मावशी आमच्या गँगमधली सगळ्यात जुनी. मुरबाडकडची. माझी रक्ताची कुणी नाही, पण मी लागले तेव्हा फावडं कसं धरायचं ते तिने शिकवलं, गरम डांबरावर चालताना पायाला गोणपाट कसं गुंडाळायचं तेही तिनेच. साहेबाची जीप लांबून दिसली की बसलेल्या बाईने ताबडतोब उभं राहायचं, हातात काहीतरी धरायचं, काही नाही तर दगड तरी, हेही तिचंच शिक्षण. "बसलेली बाई सायबाच्या डोळ्यात खुपते गो," ती म्हणायची. अंगाने काटकुळी, पण कुदळ मारायला लागली की पुरुष मागे सरकायचे. घाबरायची एकाच गोष्टीला. नियमाला.

ब्रेकमध्ये मावशीला बघणं म्हणजे तमाशा असायचा. घर अंबरनाथला, आणि स्टेशनकडे जायचा सरळ रस्ता आमच्या ऑफिसवरून. ब्रेक लागला की मावशी तो रस्ता सोडायची आणि चाळीमागच्या बोळातून, नाल्याच्या कडेने, एवढा मोठा वळसा घालून जायची. कधी रिक्षातून ऑफिसवरून जायची वेळ आलीच तर पदर नाकापर्यंत ओढून बसायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, अगं नव्या नवरीसारखी काय बसलीस? कोण ओळखतंय तुला?" तर म्हणाली, "तुला हसायला काय जातं. वळखलं म्हंजे?" मी हसले, आणि खरं सांगते, नंतर मीही पदर थोडा पुढे घेतला.

ब्रेकमध्ये घरी बसून पोट कुणाचं भरतं? जी ती काही ना काही करायची. मी पापड लाटायला जायचे. मावशी उल्हासनगरात कॅम्प पाचला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला. शिवून आलेल्या पँटींना दोरे लोंबत असतात, ते छोट्या कटरने कापायचे. बसून करायचं काम, वर पंखा, दुपारी चहा. पण मावशीला ते आवडायचं नाही. "त्यात काय नोकरी हाय? आपली नोकरी रस्त्याची," असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणायची, जणू काही खात्याने तिला बंगला दिला होता! कटर मात्र जपायची. घराच्या दाराशेजारी खिळ्याला ते लाल दोरीने टांगलेलं असायचं.

आम्हाला पक्कं करा म्हणून आमची केस कोर्टात पडली होती ती किती वर्षं, मला विचारू नका. युनियनचा माणूस यायचा, म्हणायचा, निकाल आपल्या बाजूने लागणार. पुढच्या वेळी म्हणायचा, लागलाच समजा. पहिल्यांदा असं ऐकलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. दुसऱ्यांदा साखर वाटली. तिसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा खरोखरच लागला होता, पण आम्ही कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही. निकाल लागला, आता ऑर्डर निघायची, ऑर्डर निघाली की आम्हाला बोलावणार. मावशी म्हणाली, "तुमचं होईल गो. माझं काय होतंय!"

कारण मावशीची साठी आली होती. साठ भरली की घरी. पक्का नोकरीवाला घरी जातो तो पेन्शन घेऊन जातो, रोजंदारीवाला जातो तो नुसताच जातो. आमच्या आधी किती जणी अशा गेल्या, फावडं ठेवलं आणि गेल्या, कुणी चहासुद्धा पाजला नाही. मावशीचा मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर, आज आहे तर उद्या नाही. नवरा कधीच वारलेला. म्हातारपणी सुनेपुढे हात पसरायचा नाही, एवढंच तिचं मागणं होतं. ऑर्डर तिच्या साठीच्या आत येते की नंतर, ह्यावर सगळं अडकलं होतं. आणि नेमका तिच्या साठीच्या महिन्यातच आम्हाला ब्रेक लागला. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी मावशीने घमेलं ठेवलं आणि मुकादमाला विचारलं, "परत कधी येऊ?" मुकादम तिच्याकडे न बघता म्हणाला, "निरोप धाडतो."

महिन्याचा शेवटचा दिवस होता तो. सकाळी मी पापडाची पिठं मळत होते आणि मुकादमाचा फोन. फोनवरसुद्धा तो हजेरी घेतल्यासारखाच ओरडतो. "ऑर्डर आली! सगळ्यांनी ऑफिसात या, आजच हजर व्हायचंय!" मी हात धुतले की नाही आठवत नाही. ऑफिसात पोचले तेव्हा बऱ्याच जणी आधीच आल्या होत्या, भिंतीला चिकटून उभ्या. नवीन इंजिनीअर मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढी, सारखी म्हणत होती, "अहो, बसा ना, खुर्च्या आहेत." एकही बसली नाही. खुर्चीकडे बघायचो आणि पुन्हा भिंतीला टेकायचो. एकेकीला बोलावून सही घेतली. माझी सही झाली, मॅडमने हात जोडून "अभिनंदन" म्हटलं, आणि मला हसू आवरेना. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते दोन मिनिटांत झालं! बाहेर येऊन मी नळाचं पाणी प्यायले, तेसुद्धा मला गोड लागलं.

मग बघते तर मावशी नाही.

मुकादम गेटपाशी घाम पुसत उभा. "सकाळपासून फोन लावतोय. सून म्हणते, सासूबाई गावाला गेल्यात."

"गावाला? आत्ता? मग उद्या येतील की."

तो म्हणाला, "उद्या कशाची! कारकून काय म्हणाला ऐकलंस का? कोर्टाने जुनी सगळी रोजंदारी धरायला सांगितलीय, ब्रेक धरायचे नाहीत म्हणून सांगितलंय. पण हजर व्हायच्या दिवशी माणूस साठीच्या आत पाहिजे आणि स्वतः समोर पाहिजे. तिचा आज शेवटचा दिवस. आज आली तर पेन्शन. उद्या आली तर ती कुणीच नाही."

दुपार व्हायला आली होती. मी पिशवी उचलली. तर हा मुकादम काय म्हणावा? "अगं ए, तू आता पक्की झालीस. ड्युटीवर आहेस. कुठे निघालीस?" म्हटलं, "ड्युटीवरच निघाले!" तो एकदम नरमला. म्हणाला, "जा. ऑफिस बंद व्हायच्या आत आण. मी मॅडमना धरून ठेवतो."

मावशीच्या घरी गेले तर सून चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकऱ्या करत होती. मला बघून तिचा चेहराच पडला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई गावाला गेल्यात." पाठ केलेला धडा म्हणावा तसं. मी सांगितलं, "अगं, ऑर्डर आली, आज नाही आली तर सगळं गेलं." तरी तेच, "आई गावाला गेल्यात." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि तेवढ्यात माझी नजर दाराशेजारच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा. लाल दोरी नाही, कटर नाही.

म्हटलं, "गावाला काय भाताचे धागे कापायला गेली का?"

सून फिसकन हसली आणि लगेच तोंडावर पिठाचा हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "ताई, मला शपथ घातलीय. ब्रेकमध्ये खात्याचं कुणी आलं तर गावाला गेले म्हणून सांगायचं. कुठे ते कुणालाही बोलायचं नाही. त्यांच्या जिवाची शपथ आहे हो."

आता सुनेने सासूच्या जिवाची शपथ पाळावी हे माझ्या नशिबी त्याच दिवशी यायचं होतं! एरवी दोघींचं पाण्याच्या हंड्यावरून वाजत असतं. मी म्हटलं, "बरं. तू बोलू नकोस, शपथ मोडू नकोस. मी बोलते. मला वाटतं ती नेहमीच्याच कारखान्यात गेलीय, कॅम्प पाचला. असं असेल तर तू ती भाकरी उलटव." तिने माझ्याकडे बघितलं, तव्याकडे बघितलं आणि भाकरी उलटवली. भाकरी अजून कच्ची होती. मी पळत सुटले.

अंबरनाथहून कॅम्प पाच म्हणजे तसं बाजूलाच. पण त्या दिवशी रस्ता खोदलेला. काँक्रीटचं काम, ते आता ठेकेदार करतात, आम्हाला त्यात हात लावू देत नाहीत. एका बाजूने वाहतूक, रिक्षा मुंगीच्या पावलाने चाललेली. रिक्षावाला रस्त्याच्या नावाने शिव्या घालायला लागला, "ये रोडवाले लोग ना, एक नंबर के..." मी म्हटलं, "ए भाऊ, मी रोडवाली आहे. गप चालव." तो बिचारा कल्याणचा नाका येईपर्यंत बोलला नाही आणि मग लक्षात आलं की हा मला भलत्याच बाजूला नेतोय. पुन्हा वळवली. मी मनातल्या मनात मावशीला इतक्या शिव्या दिल्या की त्या दिवशी तिला उचक्या लागायला हव्या होत्या.

कारखाना म्हणजे खाली शिलाई मशिनी आणि वर पोटमाळ्यावर धागे कापणाऱ्या बायका. शेठ सिंधी, वयस्कर, गल्ल्यावर बसलेला. मी मावशीचं नाव घेतलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आप रोड वाले हो?" मी हो म्हटलं. झालं! तो हात हलवत म्हणाला, "वो यहाँ नहीं आती. वो गाँव गई है."

म्हणजे ह्यालाही पढवून ठेवलेलं! मी कपाळाला हात लावला. त्याला समजावलं, हात जोडले, पण तो आपला "गाँव गई है" सोडेना. आता ह्या माणसाचा राग यावा की त्याच्या पाया पडावं हेच कळेना. एका धागे कापणाऱ्या म्हातारीला दिलेला शब्द तो पाळत होता. पण माझ्याकडे वेळ कुठे होता? मी सरळ जिन्याने वर चढले. वर निळ्या जीन्सचे ढीगच्या ढीग, माणसाच्या छातीएवढे, आणि मधे बायका. सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. मावशी दिसेना. मी हाका मारल्या, "मावशी, ए मावशी, मी आलेय, ऑर्डर आलीय." कुणी हललं नाही. एक बाई गालातल्या गालात हसत होती, त्यावरून कळलं की मावशी आहे, इथेच आहे.

तेव्हा मला कुठून सुचलं देव जाणे. मी कमरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला आणि मुकादम सकाळी हजेरी घेतो तश्शा आवाजात, त्याच सुरात, तिचं पूर्ण नाव पुकारलं. तिचं, नवऱ्याचं, आडनावासकट.

"हाय जी!"

कोपऱ्यातल्या ढिगातून आवाज आला. पाठोपाठ ढीग हलला, पँटी घसरल्या आणि मावशी ताडकन उभी राहिली, हात वर केलेला, केसांत निळे धागे. क्षणभर तिला स्वतःलाच कळेना की आपण का उभ्या आहोत. सगळा पोटमाळा हसायला लागला. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून.

मावशी मात्र संतापलेली. "माझी नोकरी घालवायला आलीस काय गो? बिरेक चालू हाय ना? कुणी बघितलं तुला इकडं येताना?"

"मावशी, ब्रेक गेला चुलीत! ऑर्डर आलीय. आजच्या आज हजर व्हायचंय. तुझा आज शेवटचा दिवस आहे, कळतंय का?"

"मना ठाव हाय आज काय हाय ते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बसला. "म्हणून तर लपले. मना वाटलं, ह्या खेपेला निरोप नाय यायचा. तरी म्हटलं, शेवटच्या दिवसापर्यंत नेम मोडायचा नाय. एवढी वर्षं पाळला. आपल्याकडून खोट नको. कोण जाणे, देवाच्या मनात आलं तर बोलावतील."

बोलावणं आलं होतं आणि ती बोलावणं यावं म्हणून लपून बसली होती! मला तिला हलवून हलवून मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी दुसरं केलं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. मग ती मलाच समजवायला लागली, "गप गो, गप. रडतेस काय, चल, चप्पल कुठं माझी."

शेठ जिन्यात येऊन उभा होता. त्याला आता सगळं समजलं होतं. "अरे, पहले बोलना था ना बाई!" तो माझ्यावरच उखडला. आता ह्याला काय म्हणावं! मी मघापासून दुसरं काय बोलत होते? पण तो खाली उतरून टेम्पोवाल्याला ओरडायला लागला होता, माल अंबरनाथला जायचाय तो आत्ताच काढ, ह्या दोघींना ऑफिसपाशी सोड. आम्ही टेम्पोत मागे, जीन्सच्या गठ्ठ्यांवर. टेम्पोवाल्याला गल्ल्या पाठ होत्या, त्याने खोदलेला रस्ता टाळला. मावशी एका हाताने गठ्ठ्याची दोरी आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून बसली होती.

ऑफिसचा फाटा दिसला आणि मावशीचा हात आपोआप पदराकडे गेला. नाकापर्यंत पदर.

मी तो धरला आणि खाली ओढला. "आज तोंड दाखवायचंय, मावशी!"

मुकादम गेटाबाहेर रस्त्यातच उभा होता. आम्हाला टेम्पोत बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. एरवी त्याने दहा शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसता म्हणाला, "उतरा सावकाश." आणि मावशीला हात दिला. जन्मात पहिल्यांदा.

मॅडम थांबली होती. कारकुनाने टेबलावरचं आवरलं होतं, पण मॅडमने त्याला उठू दिलं नव्हतं. "या मावशी, बसा." मावशी उभीच. मॅडम पुन्हा म्हणाली, "बसा ना." मावशी म्हणाली, "नको बाय, कपडे निळे लागतील खुर्चीला." हात खरंच कोपरापर्यंत निळे झालेले. तिने उभ्यानेच सही केली. सही तिने प्रौढांच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर रेखून काढायची. आम्ही सगळ्या दाराशी दाटीवाटीने उभ्या. शेवटचं अक्षर झालं आणि मॅडमने टाळी वाजवली, मग आम्ही वाजवली, कारकुनानेसुद्धा वाजवली. मावशी पक्की झाली.

मग मॅडमने तिला हळू आवाजात सगळं समजावलं. जुनी नोकरी धरली जाणार, कागद वर जातील, थोडा वेळ लागेल पण पेन्शन नक्की. "आणि मावशी, आज तुमचा निवृत्तीचाही दिवस आहे. म्हणजे उद्यापासून यायचं नाही."

मावशीने मान डोलावली. आणि सवयीने, इतकी वर्षं घमेलं ठेवताना जसं विचारायची तस्संच, विचारलं, "परत कधी येऊ?"

मॅडमला काही कळलं नाही, ती आमच्याकडे बघायला लागली. ह्या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि तो मुकादम खिडकीबाहेर बघत होता.

शेवटी मीच म्हटलं, "मावशी, आता परत यायचं नसतं. आता घरी बसायचं, पैसे घरी येतील."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "म्हंजे ह्या बिरेकचा पगार मिळणार?"

"मिळणार. कायमचा."

"आणि तोंड दाखवलेलं चालंल?"

"चालंल," मुकादम म्हणाला. खिडकीकडे तोंड करूनच. "रोज दाखव."

तेव्हा कुठे मावशी खुर्चीवर बसली.

आम्ही आता पक्क्या आहोत. ब्रेक नाही, रजा आहे, आणि ती मागताना अजून जीभ अडखळते. मावशीची पेन्शन सुरू झालीय, सुनेला तिने त्यातून नवा तवा आणला. आठवड्यातून एकदा तरी ती आमचं काम जिथे चालू असेल तिथे येते, मोरीच्या कठड्यावर बसते, सगळ्यांना शेंगदाणे वाटते आणि कोण फावडं चुकीचं धरतंय ते मोठ्याने सांगते. फार बोलते. कधी कधी मी तिला म्हणते, जा बाई घरी. पदर आता खांद्यावर असतो. साहेबाची जीप लांबून दिसली की आम्ही सगळ्या अजून सवयीने उठून उभ्या राहतो, मीसुद्धा. मावशी शेंगा सोलत बसून राहते.